चोचीच्या अंतरावर

मामाच्या टेबलावर तीन गोष्टी कायम असायच्या. शिक्क्यांची पेटी, पाण्याची बाटली, आणि उन्हाळा लागला की एक उघडी छत्री. टेबल जुन्या चिंचेच्या गर्द सावलीत, त्यामुळे छत्रीला उन्हाचं काही काम नव्हतं. छत्री वरच्यांसाठी होती. 'वरचे' हा मामाचाच शब्द. "आज वरच्यांचं काम जोरात चाललंय," म्हणायचा आणि कागद पिशवीत सारायचा.

इंदापूरच्या तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर चित्रबलाक घरटी करतात, हे आता वर्तमानपत्रांतल्या फोटोंमुळे पुष्कळांना ठाऊक आहे. मी तिथे गेले ती मात्र हक्कसोडपत्र करायला. आई गेल्यावर आजोळच्या जमिनीत तिच्या वाट्याला माझं आणि भावाचं नाव लागलं होतं. माझे आठ गुंठे. मामा आयुष्यभर दस्तलेखक. साऱ्या तालुक्याची खरेदीखतं, गहाणखतं, वाटणीपत्रं त्याने लिहून दिली, आणि स्वतःच्या घरचाच एक दस्त तेवढा राहून गेला. तो राहण्याचं कारण करमाळ्याची मावशी. "येते की, न यायला काय झालं," असं फोनवर म्हणायची आणि त्या दिवशी उगवायची नाही. कधी गुडघे, कधी नातवाची परीक्षा. मग मीही सही न करता परत. मार्च ते जुलै अशा माझ्या पाच खेपा झाल्या. दस्त तसूभर पुढे सरकला नाही, पण एका वसाहतीचा अख्खा हंगाम मान वर करून बघून झाला.

पहिली खेप मार्चअखेरची. चिंचेच्या शेंड्यावर मीटरभर उंचीचे पक्षी उभे होते. पांढरे, छातीवर काळा-पांढरा पट्टा, शेपटाकडे कुणी गुलाल टाकावा तशी गुलाबी पिसं. डोकं केशरी आणि उघडंबोडकं, चोच पिवळी, जाड, टोकाला किंचित खाली वळलेली. पुस्तकात याला चित्रबलाक किंवा चाम ढोक म्हणतात. मामा नुसतं ढोक म्हणायचा. एवढा मोठा पक्षी, पण मोठेपणी त्याला आवाज म्हणून जवळजवळ नाहीच. चोच वाजवतो, बस. वरून खटखट आणि खालून टंकलेखकाच्या मशीनची खटखट, अशी दुपार चालायची.

मला आधी खटकलं ते घरट्यांचं एकमेकांशी असलेलं अंतर. अख्खी चिंच मोकळी, पलीकडे आणखी झाडं, आणि हे सगळे एका फांदीवर दाटीवाटीने. दोन घरट्यांत अंतर किती, तर शेजाऱ्याची चोच आपल्या पिलापर्यंत पोचणार नाही इतकं. त्याहून वीतभर जास्त नाही. दिवसभर एकमेकांवर चोची उगारणं चालू. घरटं एक क्षण उघडं पडलं की शेजारी त्यातली काडी ओढून आपल्या घरट्यात खोचतो, म्हणून जोडीतला एक कायम राखणीला. इतकी कटकट आहे तर लांब जाऊन का राहत नाहीत? मी मामाला विचारलं. तो म्हणाला, "आपल्या वाड्यात सात बिऱ्हाडं होती. तुझी आई काय लांब राहायला गेली होती व्हय?"

मारुती चितमपल्लींनी मराठीला दिलेला एक देखणा शब्द आहे, सारंगागार. बगळे, बलाक, पाणकावळे, चमचे, शराटी असे पाण्याकाठचे पक्षी जिथे एकत्र वीण घालतात ती जागा. शब्द इतका सुबक आहे की कुणाला एखादं शांत, सुगंधी ठिकाण वाटावं. प्रत्यक्षात सारंगागार वासावरून आधी ओळखू येतं. सडकी मासळी, अमोनिया आणि चुना फासल्यासारखी पानं. वर्षानुवर्षांच्या विष्ठेने झाड जळतंही, आणि मग एखाद्या वर्षी सगळी वसाहत उठून दुसरीकडे जाते. इंदापूरच्या चिंचा अजून टिकून आहेत. चिंचेचं लाकूड चिवट, फांद्यांची जाळी दाट, वळवाच्या वादळातही सहसा मोडत नाही. त्यामुळे मला आधी वाटलं, उत्तर सापडलं. झाड चांगलं म्हणून पक्षी आले.

मामाने ते एका वाक्यात मोडीत काढलं. "चिंचा काय, तालुक्यात ढीगभर हायेत."

खरंच होतं. परतीच्या गाडीत मी मोजायला लागले आणि सोडून दिलं.

दुसऱ्या खेपेला, एप्रिलच्या मध्यावर, मावशी येणार नाही हे सकाळी दहालाच कळलं. मग मामाचा मुलगा मला मोटारसायकलवर पळसदेवला घेऊन गेला. भीमेवर उजनीचं धरण झालं, १९८०च्या सुमारास पाणी साठलं आणि काठची गावं उठली. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं मंदिर पाण्यात गेलं. धरण फार खाली गेलं की शिखर वर येतं, आणखी खाली गेलं की माणसं चालत दर्शनाला जातात. आम्ही गेलो तेव्हा शिखर दिसत होतं, आणि त्याच्या अलीकडच्या उथळ गढूळ पाण्यात शेदीडशे चित्रबलाक उभे होते. कचेरीतले होते की दुसरीकडचे, देव जाणे. अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून ते डावीकडून उजवीकडे फिरवत होते, मधूनच एक पाय हलवून चिखल ढवळत होते.

हा पक्षी मासा डोळ्यांनी हेरत नाही. चोचीला लागला की चोच मिटते. याच्या अमेरिकेतल्या भावंडाची, वुड स्टॉर्कची, ही मिटण्याची क्रिया मोजलेली आहे. सेकंदाचा चाळिसावा भाग. पण त्यासाठी मासा चोचीला लागावा तर लागतो. खोल, पसरलेल्या पाण्यात तो लागत नाही. पाणी ओसरत जावं, डबकी राहावीत, आणि त्यांत मासे कोंबल्यासारखे भरावेत, तेव्हा या पक्ष्याची सुगी. फिलिप काल या अभ्यासकाने १९६०च्या दशकात फ्लोरिडात हिशेब मांडला होता. वुड स्टॉर्कच्या एका जोडीला पिलांसकट हंगामभरात साधारण दोनशे किलो मासळी लागते. इंदापूरच्या चिंचेखाली बसून मी हा आकडा घरट्यांच्या संख्येने गुणून पाहिला आणि मामाकडे बघितलं. तो म्हणाला, "चिलापी हाय की उजनीत. माणसांना पुरून उरतीय."

उजनीची क्षमता ११७ टीएमसी, आणि त्यातला जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा. निम्म्याहून अधिक. उन्हाळी आवर्तनं सुटतात, पाणी उतरत जातं, सोलापुरात 'धरण मायनसमध्ये गेलं' अशा मथळ्यांनी काळजी पसरते. नेमकी तीच वेळ पक्ष्यांच्या पंगतीची. म्हणून इथला चित्रबलाक मार्चमध्ये काड्या गोळा करायला लागतो. हाच पक्षी भरतपूरला पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरात घरटी बांधतो, आणि तमिळनाडूत वेदांथांगलला हिवाळ्यात. एकच जात, तीन ठिकाणी तीन पंचांगं. महिना त्याच्या अंगात लिहिलेला नसतो. पिलं सर्वांत खादाड होतील तेव्हा जवळपासचं पाणी उतरतीला लागलेलं असेल का, एवढाच सवाल असतो, आणि त्याचं उत्तर त्याला दोन-तीन महिने आधी द्यावं लागतं.

ते चुकलं की काय होतं, याचं उदाहरण फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये आहे. विसाव्या शतकात तिथे कालवे आणि बांध घालून पाण्याची वाट बदलली. पूर्वी वुड स्टॉर्क नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घरटी करायचे. पुढे पाणी वेळेवर उतरेना, मासे गोळा होईनात, म्हणून वीण फेब्रुवारी-मार्चपर्यंत लांबली. पिलं अर्धी वाढेपर्यंत मे-जूनचा पाऊस, पाणी पुन्हा पसरलं, मासे विखुरले, आणि आईबाप भरली घरटी टाकून गेले. झाडं होती तिथेच होती. एकही फांदी कुणी तोडलेली नव्हती.

हे वाचलं तेव्हा मामाचं वाक्य पटलं. चिंच ही त्यांच्या यादीत शेवटची. आधी भोवतालचं दहा-वीस किलोमीटरचं पाणी पसंत पडतं, मग झाड. आपण फोटोत झाड दाखवतो कारण पाणी चौकटीत मावत नाही.

पण मग याच आवारातल्या चिंचा का? पाणी तर साऱ्या तालुक्याला तेवढंच जवळ.

मे महिन्याची खेप ही या गोष्टीतली माझी आवडती. घरट्यांत पिलं होती, मुंड्या मोठ्या, अंगावर पांढरी लव, आणि मोठ्यांकडे नसलेला सगळा आवाज यांच्याकडे. दुपारी एकच्या उन्हात आई की बाप, कोण ते कळत नाही, सूर्याकडे पाठ करून पंख पसरून उभा राहायचा आणि पिलं त्याच्या सावलीत. तास तास तसाच. पायांवर पांढरा थर, कारण हे पक्षी स्वतःच्याच पायांवर विष्ठा सोडून अंग थंड ठेवतात. (खाली पक्षकार मात्र बिसलरीने तोंड धूत होते.)

त्या दिवशी मी जागांचं राजकारण नीट पाहिलं. जागा धरतो तो नर. तो आधी येतो, एखादी बेचकी पकडतो, तिथे उभा राहून चोच खाली-वर करत नखरे करतो. मादी येते, हाकलली जाते, पुन्हा येते, आणि शेवटी स्वीकारली जाते. म्हणजे जोडी जमते ती जागेवर, जागा ठरते ती जोडीआधी. लवकर येणारे शेंड्याच्या आणि मधल्या जागा घेतात. उशिरा येणाऱ्यांना, आणि त्यांत पहिलटकर जास्त, कडेच्या फांद्या. कावळा असो की घार, पहिला हात कडेच्या घरट्यावर मारतात. मिश्र वसाहतीत आणखी एक उतरंड असते. मोठ्या अंगाचे वर, लहान अंगाचे खाली. बलाक आणि राखी बगळे माथ्यावर, गायबगळे आणि लहान बगळे मधे, वंचक सगळ्यांत खाली. वरच्या मजल्यावरचं सगळं त्याच्या डोक्यावर. चाळीत राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

कडेची जागा धोक्याची असूनही उशिरा आलेला पक्षी पलीकडची मोकळी चिंच घेत नाही. इथे मला गंमत वाटते. कारण पलीकडे तो एकटा असेल, म्हणजे सगळंच कड. गर्दीत निदान शेजारी आहेत, घार आली तर ओरडणारी शंभर तोंडं आहेत, आणि आपलं पिलू शंभरांतलं एक आहे. पीटर वॉर्ड आणि इस्रायलचे अमोत्झ झहावी यांनी १९७३ साली आणखी एक कल्पना मांडली. वसाहत ही बातम्यांची जागा आहे. आज ज्याला मासळी सापडली नाही तो उद्या सकाळी पोट भरून आलेल्याच्या मागे उडतो. यावर पुढे बराच वाद झाला, आणि बगळ्यांच्या बाबतीत पुरावे दोन्ही बाजूंना आहेत. मला ती कल्पना मनापासून आवडते, कारण कचेरीच्या आवारात मी खालीही तेच पाहत होते. कुठल्या खिडकीला आज साहेब आहेत, कुणाचा फेरफार मंजूर झाला, हे चहाच्या टपरीवर कळतं, फलकावर नाही.

तेव्हा पक्ष्याला जागा चांगली आहे हे पटवणारा मोठा पुरावा म्हणजे तिथे आधीच बसलेला दुसरा पक्षी. लुइझियानात, टबास्को सॉसवाल्या घराण्यातल्या एडवर्ड मॅकिलहेनी यांनी १८९५च्या सुमारास याचाच उपयोग केला. टोप्यांवरच्या तुऱ्यांसाठी शिकारी बगळ्यांच्या वसाहतीच्या वसाहती साफ करत होते. यांनी बगळ्यांची आठ पिलं आणून तळ्यावरच्या मोठ्या पिंजऱ्यात वाढवली आणि थंडीआधी सोडून दिली. समुद्र ओलांडून गेलेली ती वसंतात परत त्याच तळ्यावर आली, आणि मग त्यांना पाहून इतर. तिथे पुढे घरट्यांसाठी बांबूचे माचे बांधावे लागले इतकी गर्दी झाली. सुरुवात फक्त आठांची.

आपल्याकडची अशी गोष्ट दिल्लीतली. १९५९ साली तिथलं प्राणिसंग्रहालय सुरू झालं, आत तळी आणि तळ्यांत बेटं केली. लगोलग, १९६०पासून, रानातले मोकळे चित्रबलाक आपण होऊन त्या बेटांवरच्या वेड्या बाभळींवर उतरायला लागले. अब्दुल जमील उर्फी यांनी या वसाहतीचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. तिकीट काढून आलेल्या माणसांना वाटतं, हे संग्रहालयाचेच पक्षी. पिंजऱ्यांच्या मधोमध कुणी पकडून न आणलेला पक्षी दरवर्षी राजीखुशीने वीण घालतो आणि पिलं मोठी झाली की निघून जातो.

तर पाणी झालं, शेजार झाला. राहिली राखण.

भरतपूरच्या केवलादेवला पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर घरटी असतात. खाली पाणी, वर काटे. कोल्हा नाही, रानमांजर नाही. पाऊस कमी पडून बाभळींखाली पाणी भरलं नाही तर पक्षी त्या वर्षी वीणच टाळतात. आमच्या तालुक्यातला भिगवणजवळचा भादलवाडीचा ब्रिटिशकालीन तलावही त्याच जातीचा. पाण्यात बाभळी, बाभळींवर चित्रबलाक. म्हैसूरजवळ रंगनथिट्टूला कावेरीच्या बेटांवर घरटी आणि भोवती पाण्यात मगरी. मगरीचं काम काय, हे फ्लोरिडात कुणीतरी तपासून पाहिलं. तिथल्या ॲलिगेटर मगरी असतील त्या पाण्यावर रॅकून पोहून यायला धजत नाही, आणि रॅकून हा अंड्यांचा मोठा चोर. पीटर फ्रेडरिक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काही ठिकाणी चक्क मगरींच्या प्रतिकृती ठेवल्या, आणि लहान बगळ्यांनी मगर असलेली, म्हणजे दिसत असलेली, जागा पसंत केली. त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात, २०१६ साली आलेल्या, घरट्यांखाली राहणाऱ्या मगरी इतर मगरींपेक्षा अंगाने भरलेल्या आढळल्या. वरून पडणारं पिलू हे त्यांचं भाडं. पक्ष्याला हा सौदा परवडतो, कारण मगर पडलेलं एक नेते आणि रॅकून रात्रीत अख्खी वसाहत.

इंदापूरच्या चिंचेखाली पाणी नाही. काटे नाहीत. आहे ती फरसबंदी, मोटारसायकली, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ आणि सातबाऱ्यासाठी आलेली माणसं. तिसऱ्या खेपेपासून माझा असा पक्का ग्रह झाला आहे की कचेरी हीच या पक्ष्यांची मगर. अभ्यास वगैरे काही नाही, माझा आपला अंदाज. पण बघा, सकाळी दहा ते सहा खाली माणसांची वर्दळ, रात्री दिवे आणि पहारा, भोवती कुंपणाची भिंत. उदमांजराला किंवा शिकाऱ्याला इथे यायची छाती व्हायची नाही. आणि गावातल्या कुणाला घाई नाही पक्ष्यांना हाकलायची. केरळात कण्णूरकडच्या सारंगागारांच्या अभ्यासात पुष्कळ घरटी गजबजलेल्या रस्त्यांकडेच्या झाडांवर आढळली. भावनगर शहरातही बलाक आणि शराटी माणसांच्या डोक्यावर घरटी करत आले आहेत. आपण समजतो पक्ष्याला एकांत हवा. याला बहुधा फक्त वर चढू न शकणारा शेजारी हवा.

भाड्याचं म्हणाल तर मे महिन्यात एक पिलू पडलं. मामाने ते खोक्यात घालून वनखात्याच्या माणसाकडे पोचवलं आणि परत येऊन कुणाचंतरी कुळमुखत्यारपत्र लिहायला घेतलं. ते जगलं का, हे त्याने विचारलं नाही, मीही नाही.

माझी गोष्ट इतकी स्वच्छ नाही. त्याआधीच्याच वर्षी पुण्यातल्या आमच्या सोसायटीत, नाव सांगत नाही, पार्किंगवरच्या पर्जन्यवृक्षावर रातबगळ्यांची वीस-एक घरटी होती. खाली गाड्या पांढऱ्या व्हायच्या. संध्याकाळी सगळे 'क्वॉक' करत नदीकडे निघायचे तेव्हा मुलं गॅलरीत यायची. फेब्रुवारीत सभेत विषय निघाला, पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटून घ्याव्यात. झाड रिकामं होतं. फक्त काड्यांची जुनी टोपली टोपली दिसत होती. समितीची सदस्य म्हणून अर्जावर मी सही केली. मनात म्हटलंही असेल की यांना दुसरीकडे जागा मिळेल.

अर्ज फिरून, परवानगी येऊन, माणसं करवत घेऊन आली ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. मी कामावर होते. परत आले तेव्हा पार्किंगमध्ये फांद्यांचा ढीग, आणि ढिगात निळसर हिरवी अंडी, आणि काही अजून डोळे न उघडलेलं. वॉचमनने बादलीत तीन पिलं ठेवली होती. रात्री बगळे परत आले आणि फांद्या होत्या त्या उंचीवर हवेत घिरट्या घालत राहिले. पुष्कळ वेळ.

नंतर मी कायदा वाचला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच अंडी आणि घरट्यांना इजा करणं येतं. वाचायचं तर फेब्रुवारीत वाचायला हवं होतं. आपल्या शहरांत पावसाळ्यापूर्वीची छाटणी आणि बगळ्यांची वीण एकाच पंधरवड्यात येते, हे कुणाच्या दुष्टपणामुळे नाही. दोघंही पावसाचीच वाट बघत असतात. दोघांचं पंचांग एक, आणि अर्जावरची तारीख तिसरीच. पुढच्या वर्षी रातबगळे रस्त्यापलीकडच्या झाडावर गेले. आमच्या गाड्या स्वच्छ असतात.

हे मी मामाला चौथ्या खेपेत सांगितलं. जून होता, पहिला पाऊस होऊन गेला होता, पिलं आता आईबापाएवढी दिसत होती, फक्त मळकट करडी. मामा ऐकून घेऊन बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सही करताना वर बघितलं न्हाईस." मी म्हटलं, वर काहीच नव्हतं. "त्येच म्हणतोय," तो म्हणाला.

कर्नाटकात मंड्याजवळ कोक्करेबेल्लूर नावाचं गाव आहे. कोक्करे म्हणजे बलाक. तिथे घरांच्या परसातल्या चिंचांवर चित्रबलाक आणि पेलिकन घरटी करतात. घरटी असलेल्या झाडाची चिंच झोडपता येत नाही, नुकसान होतं, आणि वनखातं त्याची थोडी भरपाई देतं. झाडाखाली खड्डे करून विष्ठेचं खत शेतात घालतात. तिथले लोक या पक्ष्यांना बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकी म्हणतात. वेदांथांगलचे गावकरी तर अठराव्या शतकात गोऱ्या सैनिकांनी पक्षी मारले म्हणून कलेक्टरकडे तक्रार घेऊन गेले होते, आणि १७९८मध्ये त्यांना त्या तळ्याच्या रक्षणाचा हक्क लिहून मिळाला. त्यांच्या तळ्यातलं पाणी पक्ष्यांमुळे कसदार होतं आणि भाताला चालतं. माया आणि फायदा यांची तिथे छान सरमिसळ आहे, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

'माहेरी आलेल्या लेकी' हे शब्द मात्र मी हक्कसोडपत्राचा कच्चा मसुदा मांडीवर घेऊन आठवत होते. 'सदर मिळकतीवर माझा अगर माझ्या वारसांचा कोणत्याही प्रकारचा हक्क, हितसंबंध राहिलेला नाही.' मामाचं अक्षर मोत्यासारखं. ही ओळ त्याने किती बायकांसाठी लिहिली असेल. मी विचारलं तर म्हणाला, "मोजल्या न्हाईत." आणि मग, न विचारता, "तू सही कर असं म्या एकदा तरी म्हणलोय का? तुझं तू ठरव."

ते खरं होतं. म्हणूनच अवघड होतं. मला त्या आठ गुंठ्यांचं काही करायचं नव्हतं. विहिरीजवळची एक बांधावरची लिंब सोडली तर तिथलं मला काही आठवतही नाही.

पाचवी खेप जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. चिंच जवळपास रिकामी झालेली. आईबाप आणि पिलं धरणाकडे पांगली होती. घरट्यांच्या काड्या पावसाने खाली झुकल्या होत्या, पानांवरचा चुना धुऊन निघत होता. मामाने छत्री मिटून टेबलाखाली टाकली होती. आणि साक्षात करमाळ्याची मावशी रिक्षातून उतरली. गुडघ्यांना पट्टे, हातात लाडवांचा डबा. आल्या आल्या तिने वर बघितलं.

"एवढी खोपटी कुणी बांधली?"

"ढोकांनी," मामा म्हणाला. "आत्ता गेले. तू मार्चात आली असतीस तर दिसले असते."

"जागा कोण नेमून देतं त्यांना?"

"कोण देतंय. आधी आला त्याला शेंडा. मागनं आला त्याला कड."

मावशीने मान हलवली, लाडू वाटले, चष्मा पुसला. दोन साक्षीदार आले. मामाने दस्त टेबलावर पसरला, वर पेपरवेट ठेवला, माझ्या हातात पेन दिलं आणि बोटाने जागा दाखवली. माझं नाव, आईचं नाव, गट नंबर. मी वर बघितलं. टेबल चिंचेच्या कडेला होतं हे पाच महिन्यांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. शेवटच्या बाहेरच्या फांदीवर एक घरटं अजून भरलेलं होतं. त्यात एकच पिलू, उशिरा आलेल्या कुठल्याशा जोडीचं, काठावर उभं राहून पंख झापडत होतं.

"मामा, छत्री," मी म्हणाले.

उशीर झाला होता. चांगला ओंजळभर पांढरा फराटा मुद्रांकाच्या मध्यावर पडला आणि 'हितसंबंध'पासून खालची शाई पसरत गेली. साक्षीदार मागे सरकले. मामाने रुमालाने टिपायचा प्रयत्न केला, मग कागद उचलून उजेडात धरला, आणि घडी घालून पिशवीत टाकला.

"नवा कागद लागंल," तो म्हणाला. "ट्रेझरीतनं माझ्याकडं सोमवारी येतील."

"मी आले होते हां," मावशी म्हणाली. "आता मला बोल लावायचा नाही." आणि पदराने तोंड झाकून इतकी हसायला लागली की तिला धरून खुर्चीत बसवावं लागलं.

मामाने टेबलाखालून छत्री काढली आणि उघडली. वर पिलाने पुन्हा पंख पसरले, फांदी सोडली, वीतभर हवेत उठलं, आणि परत घरट्याच्या काठावर येऊन बसलं.